जळलेल्या जंगलातली सोपी वाट: वाक्लेला धबधब्याला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळ, हिल्सबरो-बीव्हरटन भागात नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी मंडळींना पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी मल्टनोमा फॉल्स दाखवून आणतं. गर्दी, फोटो, कॉफी, परत. मग 'खरोखर चालायला कुठे जायचं?' हा प्रश्न पडतो. कोलंबिया नदीच्या खोऱ्याचं, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसतं 'गॉर्ज' म्हणतात त्याचं नाव निघालं की लगेच शंका येते: तिकडचं जंगल जळालंय ना?

जळालंय. तरी जा. टॅनर क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने वाक्लेला धबधब्यापर्यंत जाणारी वाट जाऊन-येऊन साधारण २ मैलांची, म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटरची आहे. चढ सगळा मिळून तीनेकशे फुटांचा. सिंहगड चढलेल्याला तो चढ वाटायचाही नाही. सहा-सात वर्षांची मुलं आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा यांना एकत्र नेता येईल अशा ज्या थोड्या वाटा इथे आहेत, त्यांतली ही एक. चालणं सोपं आहे. विचार करायचा तो दिवस निवडताना, म्हणून या लेखात चालण्यापेक्षा दिवस निवडण्यावर जास्त लिहिलंय.

१. आधी आग समजून घ्या

ही आग 'ईगल क्रीक फायर' म्हणून ओळखली जाते. २ सप्टेंबर २०१७ ला, लेबर डेच्या लाँग वीकेंडला, गॉर्जमधल्याच ईगल क्रीकच्या दरीत एका १५ वर्षांच्या मुलाने धुराचा फटाका फेकला. कित्येक आठवडे पाऊस नव्हता, जंगल वाळून कोळ झालेलं. दीडशेच्या आसपास लोक वाटेवर आगीच्या पलीकडे अडकले. त्यांनी रात्र जंगलात काढली आणि दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूने, दुसऱ्या वाटेने त्यांना बाहेर काढलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत पूर्वेचा वारा सुटला, आग पश्चिमेला पसरली, ठिणग्या उडून कोलंबियासारखी अवाढव्य नदी ओलांडून पलीकडे वॉशिंग्टन राज्यात पडल्या. पोर्टलंडमध्ये गाड्यांवर राख पडत होती. आय-८४ महामार्ग बरेच दिवस बंद होता. १९२५ साली बांधलेलं मल्टनोमा फॉल्सचं दगडी लॉज अग्निशमन दलाने रात्रभर पाणी मारून वाचवलं.

एकूण ४८ हजार एकरांहून जास्त भाग आगीच्या कक्षेत आला. पण हा सगळा भाग कोळसा झाला नाही. निम्म्याहून अधिक भाग एक तर जळलाच नाही किंवा फक्त जमिनीलगत हलका जळला. शेंड्यापर्यंत सगळं खाक झालेला भाग त्यामानाने थोडा. त्यामुळे इथलं जंगल गोधडीसारखं दिसतं: एक तुकडा गर्द हिरवा, शेजारचा करडा, त्यापलीकडे कोवळा पोपटी.

आपल्याकडच्या वणव्याशी याची तुलना करून फसू नका. सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे या काळात गवत पेटतं, डोंगर काळे पडतात आणि जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा हिरवे दिसायला लागतात. इथे ऋतू उलटा. ऑक्टोबर ते मे पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये कडकडीत कोरडं, वणव्याचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी. शिवाय जळतात ते दीडशे-दोनशे फूट उंच सूचिपर्णी वृक्ष. ते मेले की मेल्यानंतरही वर्षानुवर्षं उभेच राहतात.

२. दिवस निवडा: ऊन बघू नका, वारा बघा

नव्याने आलेला माणूस हवामानाच्या ॲपवर सूर्याचं चित्र दिसलं की निघतो. गॉर्जमध्ये हे पुरत नाही.

आगीत मेलेली उभी झाडं, वठलेले बुंधे, ही या जंगलातली सगळ्यात धोकादायक गोष्ट. 'आग लागून इतकी वर्षं झाली, आता कसला धोका?' असं पुष्कळ लोक म्हणतात. उलट आहे. आगीनंतरच्या पहिल्या वर्षी मेलेल्या झाडाची मुळं बऱ्यापैकी मजबूत असतात. पुढच्या वर्षांत ती कुजत जातात, बुरशी आणि किडे खोड पोखरतात आणि एके दिवशी फारसा वारा नसतानाही झाड आडवं होतं. पडताना आवाज येईल आणि आपण पळू, या भ्रमात राहू नका. कुजक्या फांद्या तर जवळजवळ आवाज न करता पडतात.

त्यात गॉर्ज म्हणजे वाऱ्याचा बोगदा. कॅस्केड पर्वतरांग कापून जाणारी ही एकमेव सखल वाट असल्यामुळे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या हवेच्या दाबात फरक पडला की सगळा वारा इथूनच घुसतो. उन्हाळ्यात तो बहुतेक पश्चिमेकडून येतो, हूड रिव्हर गावाला त्याच्यावर लोक विंडसर्फिंग करतात. हिवाळ्यात पूर्वेकडून येतो आणि हाडं गोठवतो. बीव्हरटनमध्ये पानही हलत नसताना आपल्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या बॉनव्हिलला गाडीचं दार धरून उघडावं लागतं, असं सर्रास होतं.

म्हणून निघण्यापूर्वी या क्रमाने तपासा:

वारा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर 'बॉनव्हिल' किंवा 'कॅस्केड लॉक्स' टाका. पोर्टलंडचा अंदाज बघून उपयोग नाही. ताशी २५-३० मैलांचे झोत दाखवत असतील तर मी बेत सरळ बदलते. हा माझा आकडा आहे, सरकारी नियम नाही. पण मुलं बरोबर असतील तर याहून जास्त धाडस करू नका.

पाऊस. बॉनव्हिलच्या परिसरात पोर्टलंडच्या सुमारे दुप्पट पाऊस पडतो. रिमझिमीला घाबरायचं कारण नाही, ओढा आणि शेवाळ त्यातच खुलतं. मात्र एक-दोन दिवस सलग मुसळधार पडून गेला असेल किंवा पडणार असेल तर जाऊ नका. झाडांची मुळं मेल्यावर उतारावरची माती आणि दगड धरून ठेवणारं काही उरत नाही. दरडी कोसळतात, चिखल-दगड-ओंडक्यांचे लोंढे येतात. जानेवारी २०२१ मध्ये याच जळलेल्या पट्ट्यात, डॉडसनजवळ, असा लोंढा रस्त्यावर येऊन एक गाडी वाहून गेली आणि चालवणाऱ्या बाईंचा जीव गेला. ज्याने कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये घाट बंद झालेला पाहिलाय, त्याला हे वेगळं समजावायला नको.

बंद-चालू. यू. एस. फॉरेस्ट सर्व्हिसच्या 'कोलंबिया रिव्हर गॉर्ज' पानावर वाटांची स्थिती असते. गॉर्जमधल्या वाटा दरड, झाड किंवा दुरुस्ती यांमुळे अचानक बंद होतात. मागच्या आठवड्यात मित्र जाऊन आला म्हणून आज चालू असेलच असं नाही. रस्त्यासाठी ओरेगनचं 'ट्रिपचेक' संकेतस्थळ बघा.

धूर. जुलै ते सप्टेंबर 'एअरनाऊ'वर हवेची गुणवत्ता पाहायची. कुठेतरी दुसरी आग चालू असली तर गॉर्जमध्ये धूर साचून राहतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी अशा दिवशी घरीच बसलेलं बरं.

मला विचाराल तर एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य हा काळ सगळ्यात चांगला: पाणी भरपूर, पालवी कोवळी, झाडांखाली तीन पाकळ्यांची पांढरी ट्रिलियम फुलं. त्याखालोखाल ऑक्टोबर, बिगलीफ मेपलची परातीएवढी पानं पिवळी होतात तेव्हा. डिसेंबर ते फेब्रुवारी पायऱ्यांवर बर्फाची काच जमते. सवय नसेल तर सोडून द्या.

३. पास: नावं पाच, तुम्हाला हवा एकच

इथे जवळपास प्रत्येक नवा माणूस गोंधळतो, कारण जमीन कोणाची त्याप्रमाणे पास बदलतो.

वाक्लेलाला लागतो 'नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास'. एका दिवसाचे ५ डॉलर, वर्षाचे ३० डॉलर. पैसे माणसांचे नाहीत, गाडीचे. केंद्र सरकारचा 'अमेरिका द ब्यूटिफुल' हा वार्षिक पास तुमच्याकडे असेल (यलोस्टोन वगैरे करून आलेल्यांकडे असतो) तर तोच इथे चालतो, दुसरा घेऊ नका.

ओरेगन स्टेट पार्क्सचा पास इथे चालत नाही. नदीपलीकडे वॉशिंग्टनच्या सरकारी उद्यानांत लागतो तो 'डिस्कव्हर पास', त्याचाही इथे उपयोग नाही. हिवाळ्यात माउंट हूडच्या बर्फात जाताना लागणारं 'स्नो-पार्क' परमिट आणखी निराळं.

दिवसाचा पास ऑनलाइन घेतला तर तो छापून काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर ठेवायचा असतो. फोनमध्ये पीडीएफ असून तपासणाऱ्याला तो दिसणार कसा? वार्षिक पास आरशाला अडकवतात. आदल्या रात्रीच छापून ठेवा, कारण तिथे नेटवर्कची खात्री नाही.

४. बरोबर काय घ्यायचं

कागद:
- छापलेला पास
- गाडी चालवणाऱ्याचा परवाना आणि गाडीचा विमा
- आई-बाबा बरोबर असतील तर त्यांच्या प्रवास-विम्याच्या कार्डाचा फोटो आणि त्यांच्या गोळ्यांची यादी, चालवणाऱ्याच्या फोनमध्ये
- त्या भागाचा नकाशा, ऑफलाइन उतरवलेला

सामान:
- पकड असलेले बूट. स्पोर्ट्स शूज चालतात, पण तळ झिजलेले नकोत. चपला, फ्लोटर्स अजिबात नकोत
- पावसाचं जॅकेट, मे महिन्यातही. धबधब्यापाशी तुषारांनी भिजायला होतंच
- माणशी निदान अर्धा-पाऊण लिटर पाणी. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका
- खाणं आणि कचऱ्यासाठी पिशवी
- हेडलॅम्प किंवा छोटी बॅटरी. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं आणि दरीत त्याच्याही आधी
- गुडघे दुखणाऱ्यांसाठी चालायची काठी

छत्री नेऊ नका. अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते आणि वाऱ्यात उलटते.

खाण्याबद्दल एक. थालीपीठ, दशम्या, चिवडा, लाडू, काय न्यायचं ते न्या, पण संत्र्या-केळ्याची सालं झुडपात टाकू नका. 'कुजून जाईल' हे आपल्या दमट उष्ण हवेतलं गणित आहे. इथल्या थंडीत साल महिनोन्‌महिने तशीच राहते आणि प्राण्यांना माणसाच्या खाण्याची चटक लागते. सगळं पिशवीत, पिशवी गाडीत.

५. गाडी आणि पार्किंग

पोर्टलंडहून आय-८४ पूर्वेला धरा आणि ४० नंबरच्या एक्झिटला उतरा. या रस्त्याचे मैल पोर्टलंडपासून मोजलेले असल्यामुळे एक्झिट ४० म्हणजे शहरापासून जवळजवळ ४० मैल. शहरातून पाऊण तास, हिल्सबरोहून रहदारीप्रमाणे एक-सव्वा तास धरा. उतरल्यावर डावीकडे बॉनव्हिल धरण, उजवीकडे आपलं पार्किंग. लगेच येतं, चुकायला जागा नाही.

पार्किंग लहान आहे. शनिवार-रविवारी चांगल्या हवेला नऊच्या आत पोचा, नाहीतर दुपारी तीननंतर जा. भरलं असेल तर रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीबाहेर कुठेतरी गाडी अडकवू नका. सरळ पलीकडे धरण बघायला जा आणि तासाभराने पुन्हा या.

गॉर्जमधल्या पार्किंगांमध्ये गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या होतात. लॅपटॉपची बॅग, पर्स, पासपोर्ट यांतलं काहीही गाडीत ठेवू नका. डिकीत लपवायचंच असेल तर घरून निघतानाच लपवा. पार्किंगमध्ये आल्यावर डिकी उघडून बॅग आत टाकणारा माणूस चोराला आयतीच माहिती देतो. स्वच्छतागृहाचं येण्याआधीच उरकून घ्या, मल्टनोमा फॉल्सला किंवा समोरच्या मत्स्यबीज केंद्राकडे सोय आहे.

गाडी नसलेल्यांसाठी: पोर्टलंडच्या गेटवे ट्रान्झिट सेंटरहून 'कोलंबिया गॉर्ज एक्सप्रेस' बस मल्टनोमा फॉल्स, कॅस्केड लॉक्स, हूड रिव्हर असं करते. वाक्लेलासाठी मात्र गाडीच हवी.

निघण्याआधी शहरातल्या कुणाला तरी 'वाक्लेलाला चाललोय, दोनपर्यंत परत' असा निरोप टाका. दरीत फोन लागेलच असं नाही. लागला तर मदतीसाठी ९११.

६. वाट, टप्प्याटप्प्याने

पहिला टप्पा एका रुंद, खडीच्या, जवळजवळ सपाट रस्त्याचा. ओढा उजव्या हाताला. थोडं पुढे एक छोटा बांध दिसतो. खालच्या मत्स्यबीज केंद्राला इथून पाणी जातं. इथवर कुणीही येऊ शकतं.

बांधानंतर रस्ता संपतो, पायवाट सुरू होते. लगेच एक लाकडी पूल आणि त्याला अगदी खेटून मन्रा नावाचा छोटा धबधबा. हात लांब केला तर पाणी लागेल इतका जवळ. फळ्या ओल्या असतात, मुलांचा हात धरा. गुडघ्यांचा फार त्रास असेल त्या आजी-आजोबांनी इथे थांबायला हरकत नाही. फोटो इथेही चांगले येतात आणि पुढच्या पायऱ्या टळतात.

पुढे चढ. काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी वाट कड्याच्या अंगाने आणि खाली ओढा. कठडा सगळीकडे नाही. धोकादायक म्हणावं असं नसलं तरी मुलांना पुढे पळू देऊ नका, आणि सेल्फीसाठी मागे सरकू नका. दरडीखालची जागा आली, म्हणजे वर करडे बुंधे आणि वाटेवर ताजे, कोरे फुटलेले दगड दिसले, की तिथे फोटो नाही, पाणी पिणं नाही, बुटाची नाडी बांधणं नाही. चालत राहायचं.

शेवटाकडे वाट दुभंगते. एक फाटा वरून जातो, दुसरा ओढ्याकडे उतरतो. दोन्ही पुढे धबधब्यापाशी मिळतात, त्यामुळे छोटं वर्तुळ होतं. मी वरच्या फाट्याने जाऊन खालच्याने परत यायला सांगते. वरून जाताना धबधबा एकदम समोर येतो, आणि खालून परतताना घरंगळून आलेल्या प्रचंड शिळांमधून चालायला मिळतं. या शिळा आगीच्या नव्हेत. १९७३ साली इथे मोठी दरड कोसळली होती, तिच्या आहेत. काही दुमजली घराएवढ्या. त्यांच्यावर शेवाळ आणि नेचे इतके माजलेत की त्या कायमच्या तिथल्याच वाटतात. आगीआधीही हे खोरं असंच मोडत आणि सावरत आलंय, हे त्या शिळांपाशी उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

धबधबा दोन टप्प्यांत पडतो. वरचा घळीत दडलेला आणि खालचा समोरच्या डोहात जोरात कोसळणारा. डोहात उतरू नका. पाणी उन्हाळ्यातही हातपाय बधिर करण्याइतकं गार असतं आणि वरून काय वाहून येईल सांगता येत नाही. खाणंपिणं इथेच, पण वर नजर टाकून, माथ्यावर वठलेलं झाड नाही अशा जागी बसा.

रमतगमत, खाऊन, फोटो काढून दोन तास पुरतात.

७. जळलेलं जंगल वाचायचं कसं

हे केलं नाही तर इतक्या लांब येऊन नुसता धबधबा बघितल्यासारखं होईल. धबधबे काय, आपल्याकडे ताम्हिणीत पोत्याने आहेत.

सुरुवात बुंध्यांपासून करा. जाड, खोल भेगांची साल असलेलं झाड बुंध्याशी काळं, पण वर हिरवं दिसलं तर ते बहुतेक डग्लस फर. त्याची साल बुचासारखी जाड असते, जमिनीलगतची आग ती सोसते. शेजारीच करड्या रंगाचा, सालीच्या पट्ट्या सुटलेला सांगाडा दिसेल तो बऱ्याचदा वेस्टर्न रेड सिडार किंवा हेमलॉकचा. त्यांची साल पातळ, त्यामुळे तेवढ्याच आगीत ही झाडं मरतात. एकाच उतारावर एक जिवंत आणि एक मेलेलं का, याचं उत्तर अनेकदा अंगठ्याएवढ्या सालीत असतं.

मग खाली बघा. सोर्ड फर्न हे नेचं वरून पूर्ण जळलं तरी जमिनीतला गड्डा शाबूत राहतो आणि पुढच्या वसंतात वळलेले कोंब बाहेर काढतो. बिगलीफ मेपल खोडाने मेलं तरी बुडख्याशी फुटतं. जुना काळा खुंट आणि त्याभोवती दहा-बारा सरळसोट नव्या काठ्या, अशी ओळख. ओढ्याच्या कडेने रेड अल्डर वाढतं. त्याच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, आपल्याकडे तुरी-हरभऱ्याच्या मुळांवर जे होतं तेच. भाजलेल्या जमिनीला पहिलं खत हेच झाड घालतं.

जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या उतारांवर कमरेएवढे जांभळट गुलाबी तुरे दिसले तर ते फायरवीड. आगीनंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर आधी येणाऱ्यांत ते असतंच. त्याचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर लांबवर उडतं.

सगळेच नवे पाहुणे भले नसतात. मोकळ्या झालेल्या जागेत काटेरी 'हिमालयन ब्लॅकबेरी' घुसते. नाव हिमालयाचं, पण मूळ आर्मेनिया-इराणकडची, तेव्हा कुणी 'तुमच्या देशातून आली' म्हणालं तर ऐकून घेऊ नका! ऑगस्टात फळं गोड लागतात. पण तिच्या जाळीत देशी रोपं गुदमरतात. तसंच पॉयझन ओक. तीन-तीन पानांचं झुडूप, पानं तकतकीत, शरदात लाल. नुसतं घासलं तरी कातडीला खाज आणि फोड. वाटेबाहेर पाऊल टाकलं नाही तर संबंध येत नाही. आलाच, तर साबणाने लवकर आणि चोळून धुवा, कपडेही वेगळे टाका.

ओढ्यात दगडावर उठाबशा काढणारा राखाडी पक्षी म्हणजे डिपर. वाहत्या पाण्यात तळाशी चालत जाऊन किडे खातो. मुलं त्याला बघत अर्धा तास गप्प बसतात, हा अनुभव बऱ्याच आयांचा. आणि वठलेल्या झाडांवर टकटक ऐकू आली तर सुतारपक्षी. आपल्याला धोक्याचा वाटणारा तो बुंधा त्याचं घर आणि भांडार दोन्ही आहे, म्हणूनच वाटेपासून दूरची मेलेली झाडं कुणी कापत नाही.

८. वागायचं कसं

वाट सोडायची नाही, हा पहिला नियम, आणि कारण फक्त रोपं तुडवली जातात एवढंच नाही. आगीत जमिनीखालची मुळं जळून पोकळ्या राहतात. वरून माती आणि पाचोळा सारखा दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. वळणावर मधून कापून जाणंही तसंच. एकाने मातीत घसरट केली की पहिल्या पावसात तिचा ओहोळ होतो.

आग कसलीच नाही. सिगारेट, शेगडी, मॅगीसाठी स्टोव्ह, वाढदिवसाची मेणबत्ती, काहीच. फटाके राष्ट्रीय वनांत वर्षभर बेकायदा आहेत, फुलबाजीसुद्धा. ज्या मुलाने २०१७ ला फटाका फेकला त्याला न्यायालयाने १,९२० तास समाजसेवा, पाच वर्षं देखरेख आणि साडेतीन कोटी डॉलरहून जास्त भरपाई सांगितली. एवढे पैसे तो कुठून भरणार हा भाग निराळा, पण किशोरवयीन मुलं बरोबर असतील तर गाडीतच हे सांगून टाका.

बाकी शिष्टाचार थोडके. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. कुत्रे पट्ट्याला बांधलेले असावेत. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवायचा. मोठा गट असेल तर एका रांगेत चालायचं, पुलावर सगळ्यांनी एकदम फोटोला उभं राहायचं नाही.

९. परतताना, आणि यापुढे

पार्किंगला आलात की लगेच घरी पळू नका. महामार्गाखालून पलीकडे गेलं की बॉनव्हिल धरण आणि मत्स्यबीज केंद्र. दोन्ही बघायला पैसे लागत नाहीत. धरणाच्या माहिती केंद्रात काचेमागून माशांची शिडी दिसते. सप्टेंबरात गेलात तर प्रवाहाविरुद्ध चढणारे चिनूक सॅमन एकामागून एक जाताना दिसतात. मत्स्यबीज केंद्रातल्या तळ्यात हर्मन नावाचा अजस्र स्टर्जन मासा आहे, त्याच्यासाठी मुलं पुन्हा यायला तयार होतात. धरणाच्या फाटकावर गाडी तपासू शकतात, ओळखपत्र जवळ असू द्या.

ही वाट आवडली तर लोक लगेच ईगल क्रीक ट्रेलचं नाव सुचवतील, जिथून आग लागली तीच. जानेवारी २०२१ मध्ये ती पुन्हा उघडली, नंतरही दरडींमुळे मधूनमधून बंद होत असते. पंचबोल फॉल्सपर्यंत अंतर एका बाजूने दोनेक मैलच, पण वाट कड्यात खोदलेली. हाताला धरायला भिंतीत ठोकलेली लोखंडी तार आणि दुसऱ्या बाजूला सरळ खोली. हरिश्चंद्रगड, हरिहर करून आलेल्यांना मजा वाटेल. लहान मुलं, भोवळ येणारी माणसं घेऊन तिथे जाऊ नका, इंटरनेटवर 'सोपी' असं लिहिलेलं असलं तरी.

गेलातच तर एक लक्षात ठेवा: ४१ नंबरचा एक्झिट फक्त पूर्वेला जाणाऱ्यांसाठी आहे. परत पोर्टलंडकडे यायला आधी पूर्वेला कॅस्केड लॉक्सपर्यंत जाऊन तिथून उलटं फिरावं लागतं. वाटेत मल्टनोमा फॉल्सला थांबायचं असेल तर उन्हाळ्यात महामार्गावरच्या पार्किंगसाठी वेळेचं परमिट लागतं का, ते आधी ऑनलाइन बघा. तिथे नेणारा एक्झिट ३१ डावीकडून निघतो, म्हणून दोन मैल आधीच डाव्या लेनमध्ये या.